बालमानसशास्त्रातील मूल आणि दलित आत्मकथनांतील मूल

१

दलित आत्मकथनांवर मराठीत गेल्या चार-पाच दशकांत पुष्कळ लिहिले गेले. त्यांची भाषा, त्यांतील वेदना आणि नकार, सामाजिक दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल, त्यांवर घेतले गेलेले पुनरुक्तीचे आक्षेप, या साऱ्यांची चर्चा झाली. एक गोष्ट मात्र या चर्चेत बाजूला राहिली. या आत्मकथनांचा मोठा, आणि वाङ्मयीनदृष्ट्या बहुधा सर्वांत सकस भाग बालपणाचा आहे. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६), 'उचल्या' (१९८७) ही पुस्तके डोळ्यांसमोर आणावीत. त्यांत एक मूल आहे. त्याला भूक लागते, ते शाळेत जाते, मार खाते, आईची वाट पाहते. आणि हे सर्व चालू असताना ते आणखी एक काम करीत असते. कोणत्या वाटेने जायचे, कोणाला शिवायचे नाही, पाणवठ्यावर कोठे थांबायचे, कोणाच्या शब्दावर विसंबायचे, हे नियम ते स्वतः शोधून काढीत असते. ते नियम त्याला कोणी समोर बसवून शिकवलेले नसतात. मुलाचे मन कसे घडते या प्रश्नावर मराठीत इतकी विपुल आणि इतकी विश्वसनीय सामग्री दुसरीकडे नाही, असे मला वाटते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याच आवारात अध्यापक विद्यालय आहे. तेथील विद्यार्थी भाषेच्या निमित्ताने माझ्याकडे येतात आणि त्यांच्या हातांतील बालमानसशास्त्राची पाठ्यपुस्तके मी चाळत आलो आहे. त्या पुस्तकांतील मुलाला जात नसते. त्याला वय असते, उंची-वजन असते, बुद्ध्यंक असतो, विकासाचे टप्पे असतात. त्याच्या घरी खेळणी असतात, गोष्टी सांगणारी आजी असते, संध्याकाळी ठरल्या वेळी घरी येणारा बाप असतो. ज्याच्याकडे यांतले काही नाही ते मूल पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात येते. 'वंचित बालक', 'मंदगतीने शिकणारे बालक', 'समस्याग्रस्त बालक' अशी त्याची वर्गवारी लावलेली असते. म्हणजे वर्णनाचा मान एकाला आणि निदानाचा शिक्का दुसऱ्याला!

शास्त्राच्या इतिहासात याची कारणे आहेत. जाँ पियाजेने स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून आपल्या उपपत्तीचा पाया घातला. तो काही त्याचा अपराध नव्हे. ते निरीक्षण अजोडच होते. आल्फ्रेड बिनेने १९०५ साली सायमनच्या साहाय्याने बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कोठे हवी हे कळावे म्हणून. पुढे तीच कसोटी माणसांची उतरंड लावण्याच्या कामी आली. अमेरिकेत काळ्या मुलांना बुद्ध्यंकाच्या आधारे 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात बसवण्याची रीत इतकी रूढ झाली, की १९७९ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाला 'लॅरी पी.' खटल्यात ती थांबवावी लागली. साधन मदतीसाठी जन्मते आणि उतरंड असलेल्या समाजात गेले की उतरंडीच्या सेवेला लागते, हे आपल्याला नवे नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलाचे वागणे हे त्याच्या वाट्याला आलेल्या जगाचे वाचन असते, आणि ते वाचन बहुधा बरोबर असते. आपल्या आत्मकथनांनी हे अनुभवातून सांगितले. बालमानसशास्त्रातील काही उत्तम प्रयोगही अखेर तेथेच येऊन पोचतात. म्हणून मुलांमध्ये काम करणाऱ्याने, मग तो शिक्षक असो, डॉक्टर असो, अंगणवाडी सेविका असो, समुपदेशक असो की आईबाप असोत, मुलाची तपासणी करण्याआधी स्वतःच्या शब्दाची आणि स्वतःच्या वर्गाची तपासणी केली पाहिजे.

२

पालकत्वावरील पुस्तकांत आणि व्याख्यानांत एक प्रयोग हटकून सांगितला जातो. वॉल्टर मिशेल याने १९६०-७० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला. लहान मुलापुढे साखरेची एक मऊ मिठाई ठेवायची आणि सांगायचे, की मी बाहेर जाऊन येतो, तोवर ही खाल्ली नाहीस तर तुला दोन मिळतील. काही मुले थांबली, काहींनी लगेच तोंडात टाकली. पुढे वर्षांनी त्यांतील काही मुलांचा माग घेतला तेव्हा अधिक वेळ थांबलेल्यांचे शाळेतील यश सरस दिसले. यावरून संयमाचे एक शास्त्रच उभे राहिले. ज्याला वाट पाहता येते तो पुढे जातो, ज्याला येत नाही तो मागे राहतो. गरिबाच्या गरिबीचे कारण त्याच्या मुलाच्या जिभेवर सापडले!

स्टॅनफर्डच्या त्या बालवाडीत मुख्यतः विद्यापीठाच्या परिवारातील मुले होती. त्यांच्या जगात मोठ्यांनी दिलेला शब्द सहसा पाळला जात असे. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट उलट बाजूने तपासली. त्यांनी २८ मुले घेतली, दोन गटांत वाटली. एका गटाला आधी सांगितले, की चित्र काढायला चांगले रंग आणून देतो, आणि आणून दिले. दुसऱ्या गटाला तसेच सांगितले आणि रिकाम्या हाताने परत येऊन रंग संपले म्हणून सांगितले. मग मिठाई ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होते ती तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात चौदांपैकी नऊ निघाली, दुसऱ्या गटात चौदांपैकी एक. पुढे २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती घेऊन, विशेषतः ज्यांच्या आया पदवीपर्यंत पोचल्या नव्हत्या अशा मुलांकडे लक्ष देऊन, पुन्हा हिशेब मांडला. थांबणे आणि पुढचे यश यांचा संबंध मूळ प्रयोगाच्या सुमारे निम्मा भरला, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर त्यातीलही दोनतृतीयांश भाग उडून गेला.

आता हे सर्व वाचून 'आठवणींचे पक्षी' पुन्हा उघडावे. प्र. ई. सोनकांबळे यांचे आईबाप लहानपणीच गेले. ते बहिणीच्या आधाराने वाढले. त्या पुस्तकातील मुलासमोर जे अन्न येते ते उद्या येईल अशी कोणतीही हमी नाही. समोरचे लगेच खाऊन टाकणे हा त्या मुलाचा असंयम म्हणायचा का? ज्याला पुढच्या जेवणाची खात्री नाही त्याने समोरचे राखून ठेवणे हाच वेडेपणा ठरेल. आणि दुसरीकडे हेच मूल शाळेसाठी वर्षानुवर्षे काय काय सोसत थांबते! मिठाईसाठी पंधरा मिनिटे थांबणाऱ्या मुलाचे कौतुक करणाऱ्या शास्त्राजवळ, एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत जाण्यासाठी उपाशी पोटी वर्ष काढणाऱ्या मुलाच्या संयमाला मापच नाही. ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसला तिच्यासाठी ते थांबले. ज्यावर बसला नाही तिच्यासाठी थांबले नाही. संयम त्याच्याकडे होताच.

'अक्करमाशी'च्या प्रारंभी शाळेची सहल येते. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले दुसरीकडे, आणि तिकडचे उरलेले अन्न इकडे येते. नंतर मास्तर त्या सहलीवर निबंध लिहायला सांगतात. समीक्षकांनी या प्रसंगातील भुकेविषयी लिहिले आहे. मला त्यातील निबंध अधिक भेदक वाटतो. शाळेला हवा असलेला सहलीचा निबंध ठरलेला असतो. त्यात झाडे असतात, पाखरे असतात, आनंदाने केलेले वनभोजन असते. मुलाने पाहिलेले जग आणि वहीत लिहायचे जग ही दोन वेगळी आहेत, हे शाळा त्याला त्या दिवशी शिकवते. त्याने खरे लिहिले तर ते शिष्टाचाराला सोडून होते. खोटे लिहिले तर गुण मिळतात. अशा मुलाची वही कोरी राहिली तर पाठ्यपुस्तक म्हणेल, याची अभिव्यक्ती क्षीण आहे. त्याला लिहिण्यासारखे काय दिसले होते, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

३

शास्त्र हे पांढरपेशांचे, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे म्हणणारा एक सूर आपल्या चळवळीत आहे. जमीन, रोजगार, शिक्षणाची संधी हे प्रश्न सुटले की मनाचे प्रश्न आपोआप सुटतील, असे तो मानतो. मला हे पटत नाही. मानसशास्त्र दलितांच्या बाजूने साक्षीला उभे राहू शकते याचा दाखला इतिहासात आहे.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे काळे पतिपत्नी. मेमी क्लार्क हिने १९३९ साली हॉवर्ड विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधासाठी लहान काळ्या मुलांच्या आत्मजाणिवेचा अभ्यास केला. त्यातून पुढे दोघांचे बाहुल्यांचे प्रयोग झाले. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे त्यांनी चार बाहुल्या ठेवल्या, दोन गोऱ्या आणि दोन सावळ्या. कोणती खेळायला आवडेल? कोणती छान? कोणती वाईट दिसते? सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली. निम्म्याहून अधिक मुलांनी वाईट म्हणून सावळीकडे बोट दाखवले. मग अखेरचा प्रश्न, यांतली तुझ्यासारखी कोणती? त्या वेळी काही मुले रडली, काही खोलीतून निघून गेली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्कचे काम नोंदले आहे. मुलाच्या मनाचा अभ्यास कायद्याच्या कामी आला तो असा.

या प्रयोगाची आणखी एक बाजू आहे आणि ती लपवता कामा नये. उत्तरेकडच्या, गोऱ्यांबरोबर एका शाळेत बसणाऱ्या काळ्या मुलांमध्येही गोऱ्या बाहुलीची ओढ कमी नव्हती, किंचित जास्तच होती. याचा अर्थ वेगळ्या शाळा चांगल्या होत्या असा मुळीच होत नाही. एका बाकावर बसवल्याने काम संपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातारच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहावे लागे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९०१ च्या सुमाराचा गोरेगावचा प्रवास सांगितला आहे. त्या प्रवासाआधीच आपल्याला हे भेद ठाऊक होते, हेही ते तेथे नमूद करतात. नऊ-दहा वर्षांचे मूल आपल्या स्थानाचा इतका नेमका नकाशा मनात बाळगून होते. आज गोणपाट गेले. नकाशा गेला का?

याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी २००३ साली उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरील चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी सोडवायला दिली. निम्मे उच्चवर्णीय, निम्मे दलित. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या काही गटांत प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, बक्षीस तेच. पण दलित मुलांची कामगिरी सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश घसरली. बुद्धी पाच मिनिटांत कमी होत नसते. जे कमी झाले ते वेगळेच होते.

हा निष्कर्ष हाती येताच एक सोयीचा अर्थ काढला जाईल, आणि तो काढणारे कोण हेही आपण जाणतो. ते म्हणतील, पाहा, जातीचा उच्चारच नको. तुम्हीच जात जिवंत ठेवता. पण त्याच प्रयोगात पुढचा भाग आहे. बक्षीस कोणाला द्यायचे हे जेव्हा चिठ्ठी टाकून ठरले, म्हणजे माणसाच्या मर्जीचा शिरकाव तेथे होणार नाही असे मुलांना दिसले, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. अभ्यासकांचा निष्कर्ष असा, की आपल्याला न्यायाने जोखले जाणार नाही अशी अपेक्षा मनात असल्याने मुलांची उमेद खचते. खच्चीकरण जातीच्या उच्चारात नव्हते. समोरचा मोठा माणूस न्याय करणार नाही या अंदाजात होते. आणि रॉचेस्टरच्या मुलांप्रमाणेच हा अंदाजही अनुभवावर बेतलेला असतो.

दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. मी ज्या शाळेत शिकलो तेथे वर्गशिक्षक वर्गात येऊन, 'एस.सी.ची मुले उभी राहा' असे सांगत. आम्ही सात-आठ जण उभे राहत असू. बाकीचा वर्ग मान वळवून पाहत असे. मग मास्तर पाढे किंवा गणित घेत. हॉफ-पांडे यांच्या प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मला त्यांची पद्धत अपरिचित वाटली नाही. ती आमच्या वर्गात कोणत्याही संशोधनाविना दरवर्षी होत असे. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, आणि तो घेताना लाज वाटण्याचे कारण नाही. पण तो हक्क नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात भिक्षेसारखा ठेवण्याचे काय कारण? यादी कार्यालयात असते. पालकांना चिठ्ठी देता येते. बालमानसशास्त्र शिकलेल्या शिक्षकाला एवढे सुचू नये, तर त्या शिकण्याचा उपयोग काय?

४

येथवरचे वाचून आपल्या वाचकांना बरे वाटले असेल. पुढचे तितके बरे वाटणार नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. उत्तरपत्रिकांवर मुलांची जात, लिंग, वय ही माहिती त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने लिहिली होती. म्हणजे तेच उत्तर कधी 'वरच्या' जातीच्या मुलाचे म्हणून शिक्षकापुढे गेले, कधी 'खालच्या'. 'खालच्या' जातीच्या म्हणून आलेल्या पत्रिकेला किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि अधिक खोलात गेल्यावर असे आढळले, की हा फरक प्रामुख्याने 'खालच्या' मानल्या गेलेल्या जातींतील शिक्षकांच्या तपासणीतून आला होता.

एका अभ्यासावरून सर्व शिक्षकांना धारेवर धरू नये, हे खरे. तरी आपण मान खाली घालून विचार करण्याजोगे हे आहे. बाबासाहेबांनी जातीचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. ती श्रेणी आपल्या लेखणीतूनही उतरत असेल, तर 'आपला' शिक्षक वर्गात असणे एवढ्याने मुलाचे रक्षण होत नाही. आपण पहिल्या पिढीचे शिकलेले लोक. पुष्कळदा आपल्याच वस्तीतल्या पोराच्या चुकीचा आपल्याला अधिक राग येतो, कारण त्याच्या चुकीने आपलीही लाज निघेल असे वाटते. आपण त्याला 'सुधारायला' जातो. त्याची बोली, त्याचा शर्ट, त्याचे मोठ्याने बोलणे, सर्व आपल्याला खुपते. 'बलुतं'मध्ये दया पवार आणि दगडू असे दोघे समोरासमोर बसतात, शिकलेला माणूस आणि त्याच्या आतले पोर. त्या रचनेचे वाङ्मयीन कौतुक पुष्कळ झाले. पण शिकलेल्या माणसाला आपल्या आतल्या दगडूशी पुन्हा बोलावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते, ही बाब प्रत्येक दलित शिक्षकाने व्यवसायाचा पहिला धडा म्हणून गिरवण्यासारखी आहे. जो आपल्यातल्या दगडूला गप्प बसवतो तो वर्गातल्या दगडूलाही गप्प बसवील.

५

मुलाकडे बोट न दाखवता जागा बदलणे व्यवहारात शक्य आहे का? महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (आज ते पालघर जिल्ह्यात आहे) ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. शहरातील बालमंदिरांचा आणि माँटेसरीच्या पद्धतीचा अनुभव ताराबाईंच्या गाठी होता. खेड्यात आल्यावर प्रश्न उभा राहिला, की हरिजनवस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत. या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात. मुलांना आणि आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, हे एक. दुसरे, शाळा त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांनी दुसरे उत्तर धरले आणि शाळा वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून, शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणतात. साधनेही पॅरिसहून किंवा रोमहून मागवली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून केली.

या कामाचे गुणगान पुष्कळ होते, आणि बहुधा ते सेवेच्या, त्यागाच्या भाषेत होते. मला त्यात एक कठोर शास्त्रीय निर्णय दिसतो. मूल येत नाही हा मुलाचा दोष न मानता तो शाळेविषयीचा पुरावा मानला गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागचा प्रश्न किती ठिकाणी गेला? आपल्या गावातली अंगणवाडी कोणाच्या अंगणात आहे? वस्तीतले मूल तेथे जाताना कोणाच्या दारावरून जाते? खिचडी कोण शिजवते, आणि ती खाताना कोण कोणाशेजारी बसते? शालेय आहारासाठी दलित स्वयंपाकिणींना प्राधान्य द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. त्यानंतरही अशा स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येत राहिल्या. पंगतीतून उठून जाणारे मूल आणि उठून गेलेल्यांकडे पाहत राहिलेले मूल, दोघांचेही मन त्या दिवशी घडत असते. दुसऱ्याची चिंता आपण करतो. पहिल्याचे जे नुकसान होते त्याला बालमानसशास्त्राने अजून नावही दिलेले नाही.

६

राहिला प्रश्न आईबापांचा. पालकत्वावरील मराठी लेखन आज उदंड आहे. मुलांशी रोज अर्धा तास बोला, झोपताना पुस्तक वाचून दाखवा, मारू नका. यांतील काहीही चुकीचे नाही. मारू नका हे तर आपण विशेष ऐकले पाहिजे. पोलिसाने, पाटलाने, मास्तराने मारलेल्यांच्या घरांत मार ही शिस्तीची भाषा होऊन बसली आहे, आणि 'जगाने मारण्यापेक्षा मी मारतो' असे समर्थनही त्याला मिळते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. घरात तो कायदा आपला आपल्यालाच करावा लागेल.

पण जिला रोज दुसऱ्याच्या शेतात जावे लागते त्या आईला अर्धा तास आणि गोष्टीचे पुस्तक सांगणारे शास्त्र तिला आधीच नापास करते. माझी आई शेतमजुरीला जाई. तिने मला पुस्तक वाचून दाखवले नाही, तिला अक्षरओळख नव्हती. बाजाराला जाताना मी काही मागितले तर ती घटकाभर विचार करी. 'आणते' म्हणाली तर आणीच. जमणार नसेल तर 'या बाजारी न्हाई जमायचं' असे तोंडावर सांगे. त्या वेळी मला तिचा राग येई. आज कळते, की रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेने मुलाला जे द्यायला हवे म्हणून सांगितले ते हेच होते. शब्द मोजून देणे आणि दिलेला पाळणे याला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. गरिबाच्या घरात संगोपनाचे शास्त्र नसते असे म्हणणाऱ्यांनी अशा आयांकडे पाहिलेले नसते.

आणि मग तो प्रश्न येतो, जो पालकत्वाच्या कोणत्याही स्तंभात येत नाही. मुलाला जात केव्हा सांगायची, आणि कशी? आपल्यातील शहरात गेलेल्या अनेकांनी मौनाचा मार्ग घेतला आहे. आडनाव बदलले, घरातली तसबीर आतल्या खोलीत गेली, मुलाला काही कळू द्यायचे नाही. हेतू प्रेमाचाच असतो. पण मूल नकाशा काढतच असते. आईबाप सांगत नाहीत म्हणून ते अजाण राहत नाही. ते वर्गात, मैत्रिणीच्या घरी, प्रवेशाच्या रांगेत शिकते, आणि तेथे त्याला जात कळते ती शिवीच्या रूपात. ज्या गोष्टीवर घरात कोणी बोलत नाही ती लाजिरवाणी असणार, असा अर्थ ते लावते, आणि मौनाचा तो अर्थ चुकीचा आहे असे तरी कसे म्हणावे?

अमेरिकेतील काळ्या आईबापांपुढे हाच पेच आहे आणि तेथील मानसशास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्याचे सार असे, की आपल्या लोकांचा इतिहास आणि अभिमान मुलाच्या हाती दिल्याने त्याला बळ मिळते, आणि भेदभाव घडू शकतो याची वयानुरूप कल्पना दिल्याने ते प्रसंगी गोंधळून जात नाही. पण केवळ भय आणि सर्वांवरचा अविश्वास शिकवला तर त्याने मुलाचे भले होत नाही. आपल्याकडे पहिल्या भागाची सामग्री मुबलक आहे. चौदा एप्रिलची मिरवणूक, विहारातली वंदना, भीमगीते, चवदार तळ्याची कथा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेल्या शेणाची कथा. या साऱ्याकडे आपण चळवळीचे कार्यक्रम म्हणून पाहतो. मुलाच्या मनाच्या दृष्टीने ते संगोपनच आहे. मात्र त्याला दुसऱ्या भागाची जोड हवी. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी काही बोलले तर घरी येऊन सांगता येईल, सांगितल्यावर 'तू दुर्लक्ष कर' असे ऐकावे लागणार नाही, आईबाप शाळेत जाऊन उभे राहतील, एवढा विश्वास मुलाला हवा. अभिमानाची गाणी म्हणणाऱ्या घरात मुलाचे गाऱ्हाणे ऐकून घेणारे कोणी नसेल तर त्या गाण्यांचा उपयोग थोडा.

७

या विवेचनातून काही साध्या मागण्या निघतात. अध्यापक विद्यालयांच्या आणि अंगणवाडी प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात दलित, भटक्या-विमुक्त आत्मकथनांतील बालपणाचे भाग नेमावेत, आणि ते 'वंचितांच्या समस्या' या प्रकरणाखाली न नेमता मुलाच्या आकलनशक्तीचे नमुने म्हणून नेमावेत. 'उपरा'तील गाढवांबरोबर गावोगाव फिरत शाळा धरणारे मूल आणि पियाजेची मुले एकाच धड्यात यावीत. कोणत्याही मुलावर 'मंद' किंवा 'समस्याग्रस्त' असा शेरा मारण्याआधी शिक्षकाने दोन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत. या मुलाला गेल्या महिन्यात मी काय देईन म्हणालो आणि काय दिले? आणि माझ्या वर्गात ते कोठे बसते? वर्गात जातीची यादी वाचणे बंद व्हावे. जातीचा इतिहास शिकवणे मात्र सुरू व्हावे, आणि तो सर्व मुलांना एकत्र बसवून शिकवावा.

आपल्या समीक्षेकडेही माझे मागणे आहे. दलित आत्मकथनांतील बालपण ही नायकाच्या पुढच्या लढ्याची प्रस्तावना म्हणून वाचण्याची सवय आपण सोडली पाहिजे. त्या पानांतील मूल पुढे कोण झाले हे क्षणभर विसरून, त्या वयात त्याने काय पाहिले आणि त्यातून काय जाणले, हे वाचले पाहिजे. त्यातील कित्येक मुले लेखक झाली नाहीत. बाकावर शेजारी बसलेली, सहलीत तेच उरलेले अन्न खाल्लेली, निबंधाची वही कोरी ठेवून शाळा सोडून गेलेली मुले या पुस्तकांत जागोजागी आहेत. त्यांना आकलन कमी होते असे एकही पान सांगत नाही.